जाळीआधी पाया

अमेरिकेतल्या उपनगरी घरांमागचा डेक ज्या महिन्यांसाठी बांधलेला असतो, नेमक्या त्याच महिन्यांत तो ओस पडतो. न्यू जर्सीत पाहा, व्हर्जिनियात पाहा, इलिनॉयमध्ये पाहा. जून ते सप्टेंबर दुपारभर त्यावर ऊन तापतं, आणि ऊन उतरून बसण्याजोगी वेळ झाली की डास येतात. पूर्वी ते निदान तिन्हीसांजेपुरते तरी असत. 1985 साली टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये आशियाई टायगर डासाचं बस्तान आढळलं. जुन्या टायरांत साचलेल्या पाण्यातून तो आला आणि पुढे पूर्वेकडच्या बहुतेक राज्यांत पसरला. तो दिवसाढवळ्या चावतो. 1999 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाइल विषाणूने पहिले बळी घेतले, तेव्हापासून डास हा नुसता वैताग उरला नाही. अंगणातल्या गवतात लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी आहेत त्या वेगळ्याच. म्हणून दर वसंतात घरोघरी तोच विचार निघतो: डेक तर आहेच, वर छप्पर घालू, तिन्ही बाजूंनी जाळी लावू, की झाला पोर्च.

या हिशेबात जाळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते आणि बाकीचं नजरेआड राहतं. प्रत्यक्षात जाळी हा या कामातला सर्वांत हलका, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शेवटी येणारा भाग आहे. चुकली तर एका शनिवारी काढून दुसरी लावता येते. छपराचं तसं नाही. छप्पर आलं की वजन आलं, वारा आला, बर्फ आला, घराच्या भिंतीशी पाण्याचा सांधा आला आणि गावाचा नियम आला. मोकळ्या डेकला यातलं बरंचसं कधी सोसावंच लागलेलं नसतं. मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि दुर्दैवाने कॉन्ट्रॅक्टरशी पहिलं बोलणं होतं तेव्हा तीच सर्वांत शेवटी निघते.

तरीही आधी जाळीबद्दलच थोडं सांगितलं पाहिजे, कारण तिने माणसांचे खरोखर प्राण वाचवले आहेत. कनेटिकटमधल्या जॉर्जटाउन गावी गिल्बर्ट अँड बेनेट ही कंपनी चाळण्या करायची. आधी घोड्याच्या केसांच्या, मग तारेच्या. 1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि दक्षिणेतली गिऱ्हाइकं तुटली. विणलेली तारजाळी पडून राहिली, तेव्हा गंजू नये म्हणून तिला रंग देऊन खिडक्यांसाठी विकायला काढली. डासामुळे रोग होतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले आणि या साध्या जाळीला नवा अर्थ आला. 1900 च्या हंगामात पॅट्रिक मॅन्सन यांच्या योजनेनुसार सांबोन आणि लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या ऑस्टियाच्या दलदलीत एका जाळीबंद लाकडी झोपडीत राहिले. सूर्य मावळायच्या आत दार लावून घ्यायचं, उजाडल्यावर बाहेर पडायचं, एवढंच पथ्य. आसपासच्या वस्तीत हिवताप होता, त्यांना झाला नाही. त्याच वर्षी हवानाजवळ वॉल्टर रीड यांनी एका खोलीचे तारजाळीने दोन भाग केले आणि एकाच भागात पीतज्वराचे डास सोडले. त्या भागात राहिलेला स्वयंसेवक आजारी पडला. हवा तीच, छप्पर तेच, पण जाळीपलीकडचे ठणठणीत राहिले. पुढे पनामा कालव्यावर विल्यम गॉर्गस यांनी डबकी उपसली, साचलेल्या पाण्यावर तेल ओतलं आणि अमेरिकी कर्मचाऱ्यांच्या घरांचे रुंद व्हरांडे तांब्याच्या जाळीने बंद केले. आजच्या जाळीच्या पोर्चचा आराखडा त्या व्हरांड्यांत जवळजवळ पुरा झालेला दिसतो. वेस्ट इंडीजहून आलेल्या बहुतेक मजुरांच्या वाट्याला मात्र ती जाळी आली नाही, हेही त्याच इतिहासात लिहिलेलं आहे.

मुंबईने त्याच सुमारास वेगळी वाट धरली. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी 1911 मध्ये शहरातल्या हिवतापावर अहवाल दिला आणि बोट ठेवलं ते विहिरींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर. विहिरी बुजवा किंवा झाका, टाक्यांना घट्ट झाकणं बसवा, हा त्याचा रोख. आजही पालिकेची माणसं गच्चीवर चढून टाक्या तपासतात ती त्याच परंपरेतली. माणसाने जाळीत बसावं की डासाला पाणी मिळू देऊ नये, या दोन्ही उपायांची पोर्चच्या बाबतीत बरोबरीने गरज आहे. पन्हळीत कुजलेली पानं आणि डेकखाली साचलेलं पाणी तसंच ठेवून वर जाळी लावली, तर दार उघडण्याची वाट पाहत डास जाळीवर बसलेलेच असतात.

पोर्च अमेरिकेत नवा नाही. तो होता, गेला आणि मागच्या दाराने परत आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्षयरोगाच्या धाकाने मोकळ्या हवेत झोपण्याची चाल पडली होती. पॅसाडीनात 1908 साली बांधलेल्या गॅम्बल हाउसला झोपण्याचे प्रशस्त पोर्च आहेत. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांच्यासाठी व्हाइट हाउसच्या छपरावरही जाळीची निजायची खोली उभारली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हे सगळं मागे पडलं. 1947 पासून लाँग आयलंडवर उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनच्या घरांना पोर्च नव्हताच. पुढे एअर कंडिशनर आला, टीव्ही आला, माणसं आत गेली. बाहेर बसायची जागा पुढच्या रस्त्यावरून मागच्या अंगणात सरकली आणि डेक झाली. डेक इतका सर्रास झाला त्याला दाबाखाली औषध मुरवलेलं लाकूड कारण आहे. ते जमिनीलगत राहूनही लवकर कुजत नाही. त्या औषधातलं सर्वांत यशस्वी मिश्रण, तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं, 1933 मध्ये देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने शोधलं. आर्सेनिकच्या भीतीमुळे 2003 च्या अखेरीस घरगुती लाकडासाठी ते बंद झालं. ही तारीख पोर्चच्या विचारात उपयोगी पडते. नंतरच्या औषधांत तांबं जास्त आहे आणि ते साध्या जस्त चढवलेल्या खिळ्यांना खातं. 2004 च्या आसपास बांधलेल्या डेकला चुकीचे खिळे आणि हँगर लागलेले असण्याची शक्यता खरीच असते, आणि असा डेक वरून कितीही सुंदर दिसला तरी त्यावर छप्पर घालण्याआधी खालून टॉर्च घेऊन पाहणं भाग आहे.

आता वजनाकडे येऊ. हिशेब एकदा तरी आकड्यांनी मांडला पाहिजे, नाहीतर ‘थोडं छप्पर तर आहे’ हा समज जात नाही. घरापासून 12 फूट पुढे आलेला आणि भिंतीलगत 14 फूट लांब असा डेक घ्या. 168 चौरस फूट. बांधकामाच्या नियमाने माणसं आणि सामानाचा भार चौरस फुटाला 40 पौंड आणि डेकचा स्वतःचा 10 पौंड धरतात. म्हणजे एकूण 8,400 पौंड. त्यातला निम्मा घराच्या भिंतीला बोल्टने जखडलेल्या आडव्या फळीवर, लेजरवर जातो. उरलेला निम्मा बाहेरच्या तुळईवर, आणि तुळईखाली तीन खांब असतील तर त्याचा साधारण अर्धा मधल्या खांबावर: 2,100 पौंड. चिकणमातीची जमीन चौरस फुटाला 1,500 पौंड सोसते असं धरून चालतात. या हिशेबाने 16 इंच व्यासाचं काँक्रीटचं फुटिंग जेमतेम पुरतं.

यावर आता छप्पर ठेवा. वासे, प्लायवूड, शिंगल्स, आतलं सिलिंग मिळून चौरस फुटाला 15 पौंड, आणि बर्फाचे 30 पौंड. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाच्या बऱ्याच भागांत असाच आकडा धरावा लागतो, मिनेसोटात तो आणखी वर जातो. 168 चौरस फुटांवर हे होतात 7,560 पौंड, म्हणजे जवळजवळ साडेतीन टन. त्यातले 1,890 पौंड त्याच मधल्या खांबावर. इंजिनिअर सगळे भार एकाच वेळी पूर्ण येणार नाहीत म्हणून थोडी सूट धरतो, पण ढोबळमानाने 2,100 चे 3,990 झाले. त्याला 22 इंचांहून मोठं, म्हणजे व्यवहारात 24 इंची फुटिंग लागतं. जुनं 16 इंची फुटिंग उद्याच खचेल असं नाही. ते दर हिवाळ्यात थोडं थोडं दबेल, छपराचा सांधा भिंतीपासून थोडा थोडा सुटेल, आणि त्या फटीतून पाणी घरात शिरेल.

फुटिंगची खोलीही तितकीच महत्त्वाची. गोठणारी माती फुगते आणि वर ढकलते, म्हणून फुटिंगचा तळ गोठण्याच्या पातळीखाली लागतो. न्यू जर्सीत साधारण 36 इंच, बॉस्टनकडे 48, मिनेसोटाच्या उत्तर भागात 60. फ्लोरिडात हा प्रश्नच नाही. तिथे सिमेंटच्या कोब्यावर ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची जाळी उभी राहते आणि काळजी असते ती वादळाची. 1992 च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर तिथले नियम फार कडक झाले. वाऱ्याचा विचार उत्तरेतही सुटत नाही. मोकळ्या बाजूंच्या छपराखाली वारा शिरतो आणि ते वर उचलू पाहतो. म्हणून वाशापासून तुळईला, तुळईपासून खांबाला, खांबापासून फुटिंगला लोखंडी पट्ट्यांची अखंड साखळी हवी. नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेला डेक असेल तर पुढची चर्चाच करू नये.

दोन दुर्घटना या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असतात. 29 जून 2003 रोजी शिकागोत एका इमारतीच्या मागचा लाकडी पोर्च गर्दीच्या भाराने कोसळला आणि 13 तरुण माणसं गेली. 16 जून 2015 ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत एक बाल्कनी तुटली, 6 विद्यार्थी मेले. आत पाणी मुरून लाकूड कुजलं होतं. दोन्ही घरामागच्या साध्या डेकपेक्षा वेगळ्या रचना होत्या. पण एकीत वजन होतं आणि दुसरीत पाणी, आणि पोर्चच्या कामात याच दोन गोष्टींची मला खरी भीती वाटते.

दोन्ही जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे लेजर. डेक कोसळण्याच्या घटनांत तो भिंतीपासून सुटणं हे सर्वांत नेहमीचं कारण. जुन्या घरांत तो कित्येकदा नुसत्या खिळ्यांवर असतो. बोल्ट किती आणि किती अंतरावर याचा तक्ता राष्ट्रीय नमुना नियमावलीत 2009 मध्ये आला. भिंतीला बाहेरून विटांचा एक थर दिलेला असेल तर त्या विटांना लेजर जखडायचा नसतोच, कारण तो थर शोभेचा असतो, भार घेणारा नसतो. लेजरच्या वर पाणी बाहेर वळवणारी धातूची पट्टी, फ्लॅशिंग, नसेल तर भिंतीवरून उतरणारं पाणी थेट त्याच्या मागे जातं. अशा वेळी मला घराच्या भिंतीवर अजिबात भार न टाकता तिच्यालगत वेगळे खांब उभारणं जास्त सुरक्षित वाटतं. त्यातही एक खाच आहे. घराला बेसमेंट असेल तर भिंतीलगतची माती नंतर भरलेली, भुसभुशीत असते. तिथलं फुटिंग मूळच्या घट्ट मातीपर्यंत न्यावं लागतं, आणि ती सात-आठ फूट खाली असू शकते. मळसूत्री लोखंडी खांब यंत्राने जमिनीत फिरवून उतरवतात, ते अशा जागी फार उपयोगी पडतात. खणण्याआधी 811 ला फोन करून गॅस, वीज, केबलच्या खुणा करून घ्यायच्या. ही सेवा फुकट आहे आणि ती टाळायला काहीच कारण नाही.

छपराचा आकार ठरवताना बहुतेक जण दिसण्याचा विचार करतात, पण आकार ठरवतं ते मागचं घर. एकपाखी उताराचं छप्पर स्वस्त आणि सोपं. साध्या शिंगल्ससाठी दर फुटाला निदान 2 इंच उतार लागतो, 4 असेल तर निश्चिंती. 12 फुटांवर 3 इंचांचा उतार घेतला तरी भिंतीकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा 3 फूट वर जाते. दुमजली घरात वरच्या बेडरूमच्या खिडक्या तिथेच आड येतात. एकमजली घरात तर वळचणच इतकी खाली असते की जागाच उरत नाही. दोन पाखी घेतली तर आत उंच, मोकळं वाटतं, पण आढ्याचा सगळा भार घराकडच्या टोकाला एकाच बिंदूवर उतरतो. तो बिंदू नेमका कुठे येतो? बहुतेक घरांत डेकवर उघडणाऱ्या काचेच्या सरकत्या दाराच्या डोक्यावर. त्या दारावरची तुळई असा भार पेलायला घातलेलीच नसते, म्हणून ती उघडून बदलावी लागते. हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात कधी दिसत नाही. वरच्या मोठ्या छपरावरचा बर्फ घसरून खालच्या छपरावर साचतो, त्याचाही हिशेब वेगळा धरावा लागतो.

छप्पर आणखी एक गोष्ट हिरावतं: मागच्या खोलीतला उजेड. स्वयंपाकघर आणि बसायची खोली मागेच असते, आणि आठ महिने पोर्च न वापरणाऱ्या गावात बारा महिने अंधारी खोली घेऊन राहावं लागतं. उत्तरेकडे तोंड असेल तर फार फरक पडत नाही. दक्षिणेकडे असेल तर हिवाळ्यातलं कोवळं ऊन जातं. छपरात एक-दोन काचेचे झरोके घातले तर बरीच भरपाई होते. मी तरी हा खर्च कापू नये असंच म्हणेन.

गावाच्या दृष्टीने मोकळा डेक आणि छप्पर असलेला पोर्च या दोन वेगळ्या जाती आहेत. मागच्या हद्दीपासून किती फूट सोडायचे यात डेकला बऱ्याच ठिकाणी सवलत असते. छप्पर आलं की ती जागा घराचा भाग धरतात आणि सवलत संपते. प्लॉटचा किती टक्के भाग झाकता येतो ती मर्यादाही ओलांडली जाऊ शकते. मग खास मंजुरीसाठी मंडळापुढे सुनावणी, शेजाऱ्यांना नोटिसा. सोसायटीवजा असोसिएशन असेल तर छपराच्या रंगापर्यंत त्यांची संमती. हे सगळं आधी, चित्रं काढून घेण्यावर पैसे घालण्याच्याही आधी, जमिनीचा मोजणी नकाशा घेऊन गावाच्या कार्यालयात विचारून यावं. परमिटशिवाय काम लवकर होईल असं सुचवणारा कॉन्ट्रॅक्टर, किंवा परमिट तुम्हीच तुमच्या नावावर काढा म्हणणारा, नकोच. दुसऱ्या बाबतीत कामाची जबाबदारी हळूच तुमच्याकडे सरकते. घर विकताना बिनपरवाना पोर्च उघडा पडतो आणि तेव्हा झाकलेली फुटिंग उकरून दाखवावी लागतात.

एवढं झाल्यावर जाळी. ही निवड सोपी आहे. नेहमीची फायबरग्लासची जाळी इंचाला 18 आणि 16 धाग्यांची, म्हणजे भोक साधारण एक मिलिमीटरचं. डासाला पुरून उरते. समुद्रकाठी किंवा दलदलीजवळ चिलटांहून बारीक चावरे किडे असतात, तिथे 20 बाय 20 ची घ्यावी. ती वारा आणि उजेड थोडा अधिक अडवते. कुत्रा-मांजर असेल तर खालच्या भागात जाड पॉलिएस्टरची. ॲल्युमिनियमची जाळी ताठ राहते, पण खाऱ्या हवेत खराब होते. कांस्याची महाग, पण पिढीभर टिकते. रंग मात्र कोळशासारखा काळपट घ्या: चकाकत्या राखाडी जाळीवर नजर अडते, काळपट जाळीतून बाग स्पष्ट दिसते. दोन खांबांमधलं अंतर फार ठेवलं तर जाळी वाऱ्याने फुगते आणि सैलावते. दक्षिणेतल्या राज्यांत वसंतात पाइनचे पिवळे पराग धुळीसारखे सगळीकडे बसतात. त्यांना कोणतीच जाळी अडवत नाही, तेव्हा पाण्याने धुता येतील अशाच गाद्या आणि फरशी असलेली बरी.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. एक, डास खालूनही येतात. डेकच्या फळ्यांत पाणी निथळायला फटी ठेवलेल्या असतात. फळ्यांच्या खाली जॉइस्टवर, म्हणजे त्यांना आधार देणाऱ्या आडव्या लाकडांवर, जाळी ताणून लावली नाही तर बाजूंच्या जाळीचा काही उपयोग नाही. नव्या कामात ती फळ्या बसवण्याआधी लावणं सोपं. जुन्या, बुटक्या डेकखाली पाठीवर सरपटत जाऊन लावणं किती कठीण, ते ज्याने केलं त्यालाच कळतं. दुसरी गोष्ट याहून फार गंभीर: जाळी म्हणजे कठडा नव्हे. डेक जमिनीपासून 30 इंचांहून उंच असेल तर 36 इंचांचं रेलिंग, त्यात 4 इंचांचा चेंडू जाणार नाही इतक्याच फटी, हा नियम जाळी लावल्यावरही तसाच राहतो. नजरेला मोकळं दिसावं म्हणून रेलिंग काढून जमिनीपर्यंत जाळी लावलेले उंच पोर्च छायाचित्रांत दिसतात. त्या जाळीला टेकलेलं मूल जाळीसकट खाली जातं. याबाबतीत दिसण्याला शून्य किंमत द्यावी.

मराठी घरांत हा विचार निघतो तेव्हा त्यात एक बाजू आणखी असते. आई-वडील भारतातून येतात, बहुधा एप्रिल-मेमध्ये, आणि सहा महिने राहतात. मुलं-सुना कामावर, नातवंडं शाळेत, रस्त्यावर चालणारं कुणी नाही. ज्यांचं आयुष्य ओसरीवर, पडवीत किंवा निदान गॅलरीत उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्यात गेलं, त्यांना बंद काचांच्या घरात दिवस काढणं जड जातं. सकाळचा चहा, भाजी निवडणं, वर्तमानपत्र, दुपारची डुलकी यांसाठी बाहेरची पण बाधा नसलेली जागा त्यांच्या त्या सहा महिन्यांचा रंग बदलून टाकते. मला या खर्चाचं सर्वांत मोठं समर्थन इथेच दिसतं. घराची किंमत वाढेल वगैरे हिशेब त्यापुढे गौण आहेत. मग पोर्चची रचनाही त्या माणसांना धरून हवी. घरातून पोर्चवर उतरायची पायरी बुटकी आणि एकच, तिच्याशेजारी धरायला दांडा, दार हलकं आणि बाहेर उघडणारं, आपोआप पण सावकाश मिटणारं. छताला दमट हवेसाठी बनवलेला पंखा. तो मंद वाऱ्याने घाम तर घालवतोच, जाळीतून चुकून आत आलेल्या डासालाही उडू देत नाही.

आपल्या घरांत बाहेर स्वयंपाक करण्याचीही ओढ असते. वास घरात नको म्हणून भजी, मासे बाहेर तळायचे. वांगं आणि कणसं निखाऱ्यावर भाजायची. तळण्यासाठी विजेची शेगडी पोर्चवर चालते, पण तिला स्वतंत्र 20 अँपिअरची वायर आणि पाण्यापासून संरक्षण असलेला प्लग हवा, आणि वायर आधीच ठरवून टाकलेली हवी. गॅस किंवा कोळशाची ग्रिल मात्र छपराखाली कधीही नाही: आगीचा धोका आणि विषारी धूर, दोन्ही. म्हणूनच सगळा डेक झाकू नये असं माझं ठाम मत आहे. अर्धा झाकलेला, अर्धा मोकळा डेक जास्त वर्षं वापरात राहतो. ग्रिल मोकळ्या भागात, कोजागिरीला दूध आटवून चंद्र पाहायचा तो मोकळ्या भागात, हिवाळ्यातलं ऊन मोकळ्या भागात. आणि पोर्च लहान असला की फुटिंग, तुळया, छप्पर, परवानगी सगळंच आटोक्यात येतं. 12 बाय 12 मध्ये जेवणाचं टेबल आणि दोन आरामखुर्च्या नीट मावतात. त्याहून मोठा पोर्च बांधण्याआधी जमिनीवर खडूने आखून, त्यात खुर्च्या मांडून पाहावं.

पोर्च झाला की पुढचा मोह काचांचा असतो. जाळीच्या आत उघडमिट करता येणारी पारदर्शक व्हिनाइलची तावदानं बसवणं ठीक. पाऊस, पराग आणि एप्रिल-ऑक्टोबरचा गारवा अडतो, वापराचे एक-दोन महिने वाढतात. पक्क्या काचा, हीटर आणि इन्सुलेशन आलं की ती खोली होते: ऊर्जेचे नियम लागतात, खालून उघड्या असलेल्या जमिनीचं इन्सुलेशन लागतं, मालमत्ता कर वाढतो, आणि ज्या हवेसाठी हा सारा खटाटोप केला ती हवा बाहेर राहते. खोलीच हवी असेल तर ती खोली म्हणून पायापासून बांधावी. मुंबईत बाल्कन्या काचा लावून बंद झाल्या त्याला जागेची टंचाई हे कारण होतं. इथे मोकळं अंगण असताना तेच करू नये.

छत रंगवताना दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या गल्ला-गीची लोकांची एक चाल आता देशभर पसरली आहे: पोर्चचं छत फिकट निळं. गुलामीत आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या या वंशजांच्या समजुतीत तो रंग भुताखेतांना दूर ठेवतो. गांधीलमाश्या आकाश समजून घरटं करत नाहीत असंही म्हणतात. शिवाय पावसाळी दिवशी त्या रंगाने उजेड बरा वाटतो.

जुना डेक तपासल्यावर उत्तर नकारार्थी आलं, आणि ते बऱ्याचदा तसं येतं, तर दोन वाटा उरतात. पहिली, डेक तसाच ठेवायचा आणि पोर्चचे खांब त्याच्या फळ्यांतून खाली उतरवून स्वतःच्या नव्या फुटिंगवर उभे करायचे. छपराचं सगळं वजन त्यांच्यावर, डेकवर फक्त माणसांचं. चांगल्या स्थितीतल्या, दहाएक वर्षांच्या डेकसाठी ही रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. दुसरी, पोर्चखालचा भाग पूर्ण काढून नव्याने बांधायचा. वीस-पंचवीस वर्षांच्या डेकला हेच योग्य, कारण नव्या छपराचं आयुष्य खालच्या जुन्या लाकडाच्या आयुष्याहून मोठं असतं, आणि छप्पर वर असताना खालचं जॉइस्ट बदलणं हे मूळ कामाहून महाग पडतं. कोणतीही वाट घेतली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरची एक भेट आणि त्याच्या सहीचा नकाशा यांवर पैसे आधी घालावेत.

वेळेचं गणित उलट बाजूने मांडावं. जूनमध्ये जाळीत बसायचं असेल तर जमीन मऊ होताच, उत्तरेत बहुधा एप्रिलमध्ये, खड्डे खणायला हवेत. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर येऊन खड्ड्याची खोली आणि तळाची माती पाहतो. त्या वेळी आपण स्वतः तिथे उभं राहावं, टेप लावून माप घ्यावं, फोटो काढून ठेवावेत. त्यासाठी परमिट मार्चपर्यंत हातात हवं, म्हणजे नकाशे जानेवारीत दाखल झालेले हवेत, आणि इंजिनिअरला बोलवायचं ते आदल्या शरद ऋतूत, पानं गळून डेकखालचं सगळं नीट दिसू लागलं की.